पॉलिसीतली वर्षं कुणाची?

आरोग्य विम्याची पॉलिसी हातात आली की आपण दोन आकडे शोधतो : विमा किती लाखांचा आणि हप्ता किती हजारांचा. त्याच कागदावर घरातल्या माणसांच्या नावांजवळ आणखी एक नोंद असते. ही व्यक्ती विम्याच्या छत्राखाली पहिल्यांदा कधी आली, त्याची तारीख. तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. पण साठीला आलेल्या, रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्या माणसासाठी त्या अख्ख्या कागदावर सगळ्यांत मोलाची गोष्ट तीच असते. हप्ता पुढच्या वर्षी बदलेल, विम्याची रक्कम वाढवता येईल. ती तारीख गेली की परत मिळत नाही.

लोक विमा कंपनी का बदलतात आणि का बदलत नाहीत, असं विचारलं तर ठरलेली उत्तरं येतात. हप्ता फार वाढला. क्लेममध्ये पैसे कापले. एजंट ओळखीचा आहे. आपलं नेहमीचं रुग्णालय यादीत आहे. ही उत्तरं खरी आहेत, पण ती वरवरची आहेत. गेल्या चाळीस वर्षांत आपल्याकडे या प्रश्नाचा खरा निकाल एका वेगळ्याच गोष्टीवर लागत आला आहे. त्या तारखेपासून साठत गेलेली वर्षं कुणाच्या मालकीची? हप्ते भरणाऱ्याची की हप्ते घेणाऱ्या कंपनीची? ही मालकी कशी हलत गेली, याचा हा मागोवा.

कंपनी बदलायची की नाही हा प्रश्न पडायला आधी कंपनी निवडता यावी लागते. स्वातंत्र्यानंतरची तीन-साडेतीन दशकं सर्वसामान्य माणसाला ती सोयच नव्हती. आजारपणाचा विमा नोकरीला बांधलेला होता. कारखान्यातल्या कामगारांसाठी राज्य कामगार विमा योजना फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९५४ मध्ये सीजीएचएस आली. ज्याची नोकरी त्याची योजना. दुकानदार, वकील, शेतकरी, छोट्या खाजगी शाळेतले शिक्षक यांच्यासाठी आजारपण म्हणजे दागिना गहाण ठेवणं किंवा भावाकडे हात पसरणं.

१९७३ मध्ये सर्वसाधारण विमा व्यवसायाचं राष्ट्रीयीकरण झालं. आग, जहाज, मोटार असे विमे उतरवणाऱ्या १०७ कंपन्या एकत्र करून चार कंपन्या उरल्या. मुंबईची न्यू इंडिया, जी १९१९ मध्ये दोराबजी टाटांनी काढली होती; दिल्लीची ओरिएंटल, कोलकात्याची नॅशनल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. चौघींची आई एकच, जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन. या चार बहिणींनी १९८६ मध्ये मिळून एक पॉलिसी बाजारात आणली आणि तिचं नाव ठेवलं मेडिक्लेम.

हे नाव मराठीत असं मुरलं की आज कुठल्याही कंपनीच्या आरोग्य विम्याला आपण मेडिक्लेमच म्हणतो. रुग्णालयाच्या खिडकीवरची बाई ‘मेडिक्लेम आहे का?’ असंच विचारते. त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात ८०डी हे कलम घातलं आणि या हप्त्यावर करसवलत मिळू लागली. मध्यमवर्गात मेडिक्लेम पसरण्यात आजारपणाच्या भीतीइतकाच मार्च महिन्यात कर वाचवण्याच्या धावपळीचा वाटा आहे, असं माझं मत आहे. पुष्कळ घरांत पहिली पॉलिसी एजंटाने एलआयसीच्या हप्त्यासोबत ‘हीपण घेऊन टाका’ म्हणून दिलेली असते.

मेडिक्लेमची गंमत अशी की चारही कंपन्यांकडे ती जवळपास एकच होती. अटी त्याच, दर तेच. न्यू इंडियाच्या कार्यालयात जा नाहीतर ओरिएंटलच्या, फरक पडायचा तो फक्त कोणता डेव्हलपमेंट ऑफिसर तुमचा क्लेम लवकर मार्गी लावतो, एवढ्याचा. कंपनी बदलण्यात काही मिळवण्यासारखं नव्हतं आणि गमावण्यासारखंही फारसं नव्हतं. गमावण्यासारखं का नव्हतं, हे नीट पाहायला हवं, कारण सगळी कथा तिथून सुरू होते.

तहान लागल्यावर विहीर खणणारे लोक विमा कंपनीला नको असतात. शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर पॉलिसी घ्यायची, पैसे वसूल करायचे आणि पुढच्या वर्षी हप्ता भरायचा नाही, असं सगळेच वागले तर कंपनी वर्षभरात बुडेल. आणि कंपनीपेक्षा, प्रामाणिकपणे वर्षानुवर्षं हप्ते भरणाऱ्यांचा सामाईक गल्ला बुडेल. म्हणून मेडिक्लेममध्ये तीन कुंपणं होती. पहिल्या तीस दिवसांत अपघात सोडून कुठलाही आजार झाला तर पैसे नाहीत. मोतीबिंदू, हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, भगंदर, सायनस असे सावकाश येणारे आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलता येणारे आजार पहिल्या वर्षी बाहेर. आणि तिसरं, सगळ्यांत उंच कुंपण : विमा पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा अंगात असलेला आजार कायमचा बाहेर.

‘पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पस्तिसाव्या वर्षी निरोगी असताना तुम्ही मेडिक्लेम घेतला आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला, तर तो मधुमेह आणि त्याच्या पोटी येणारी सगळी दुखणी विम्याच्या आत. कारण पहिल्या तारखेला तो नव्हता. म्हणजे जुन्या तारखेची किंमत वयाबरोबर आपोआप वाढत जाते. शरीर जसजसं झिजतं तसतसा तो कागद भारी होत जातो.

आणि पहिल्या दोन कुंपणांपाशी मेडिक्लेमच्या मसुद्यातच एक छोटं फाटक ठेवलेलं होतं. विमेदार आधीचे सलग बारा महिने, मध्ये खंड न पडता, कुठल्याही भारतीय विमा कंपनीच्या अशा योजनेत असेल तर ही अट त्याला लागू नाही. कुठल्याही भारतीय विमा कंपनीच्या! १९८६ साली याचा अर्थ चार बहिणींपैकी कुठल्याही बहिणीच्या, एवढाच होता. ग्राहकहक्क वगैरे त्यामागे काही नव्हतं. घर एकच असल्याने या खोलीतून त्या खोलीत जाताना कुणी दारात अडवत नव्हतं. तरी पुढे ज्याला पोर्टेबिलिटी म्हटलं गेलं, त्याचं बी मला या वाक्यात दिसतं. वर्षं माणसाबरोबर चालत होती.

फक्त खंड पडता कामा नये. हा खंड फार निर्दय होता. विमा कायद्याचं ६४व्हीबी कलम सांगतं की हप्ता हातात आल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. नूतनीकरणाचा चेक एजंटाच्या बॅगेत राहिला, बँकेने परत पाठवला किंवा घरचे लग्नघाईत तारीख विसरले, की पॉलिसी तुटली. नवी घेतली की पहिली तारीख नवी, आणि मधल्या काळात जडलेला प्रत्येक आजार ‘आधीपासूनचा’. क्लेम न केलेल्या प्रत्येक वर्षाला पाच टक्के, अशी पन्नास टक्क्यांपर्यंत चढत गेलेली बोनसची रक्कमही त्याबरोबर जायची. एका दिवसाच्या उशिराने बारा-पंधरा वर्षं पुसली गेलेली माणसं त्या काळात होती.

मग भिंती उभ्या राहिल्या. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांच्या समितीने १९९४ मध्ये विमा क्षेत्र खुलं करण्याची शिफारस केली, १९९९ मध्ये विमा नियामक नेमणारा आयआरडीए कायदा झाला आणि २००० पासून खाजगी कंपन्यांना दार उघडलं. लगोलग टीपीए, म्हणजे कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्था आल्या, प्लास्टिकचं कार्ड आलं, कॅशलेस हा शब्द आला. आधी पैसे भरा, मग बिलांची चळत जोडून महिनोन्महिने वाट बघा, या जाचातून सुटका दिसू लागली. २००६ मध्ये चेन्नईत स्टार हेल्थ ही फक्त आरोग्य विमा करणारी देशातली पहिली कंपनी सुरू झाली. आता निवड होती. पॉलिसी वेगळ्या, दर वेगळे, रुग्णालयांच्या याद्या वेगळ्या.

पण निवड आली तेव्हाच ते ‘कुठल्याही भारतीय विमा कंपनीच्या’ हे घरगुती औदार्य आटत गेलं. नव्या पॉलिसींच्या मसुद्यात त्या जागी दोन इंग्रजी शब्द आले. मराठीत त्यांचा अर्थ होतो ‘आमच्याकडे’. आमच्याकडे घेतलेली पहिली पॉलिसी. आमच्याकडे पूर्ण झालेली वर्षं. त्याआधी तुम्ही दुसरीकडे काय करत होता, ते आम्हाला माहीत नाही.

माझ्या मावशीला हे शब्द फार महाग पडले. ती सांगलीत एका खाजगी शाळेत शिक्षिका होती. १९९६ पासून तिची मेडिक्लेम होती आणि एकही क्लेम तिने केला नव्हता. २००५ मध्ये ओळखीतल्याच एका एजंटाने तिला दुसऱ्या कंपनीची पॉलिसी सुचवली. हप्ता थोडा कमी, कार्ड दाखवलं की कॅशलेस, मिरजेतली चांगली रुग्णालयं यादीत. मावशीने जुनी सोडली, नवी घेतली. पुढच्याच वर्षी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची वेळ आली तेव्हा उत्तर आलं की हा आजार प्रतीक्षा काळात आहे. नऊ वर्षं भरलेल्या हप्त्यांबद्दल तिने विचारलं, तर एजंट म्हणाला, ‘ते तिकडे झाले ना, मावशी. इकडे तुमचं पहिलंच वर्ष आहे.’ ऑपरेशन तिने स्वतःच्या पैशाने केलं. मोतीबिंदूचे पैसे फार नव्हते. पण मधल्या काळात तिला रक्तदाबही सुरू झाला होता, आणि जुन्या पॉलिसीत तो आतला आजार होता. नव्या पॉलिसीत तो बाहेरचा झाला. सही करताना हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने खोटं काही लिहिलं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. ती फक्त एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेली होती.

तेव्हा जे आपल्या जुन्या कंपनीला चिकटून राहिले, त्यांना निष्ठावान किंवा आळशी म्हणणं चूक आहे. ते बरोबर हिशेब करत होते. मोतीबिंदू झालेल्या माणसाला कंपनी बदलायची इच्छा असो नसो, ते परवडत नव्हतं.

आणि राहणाऱ्यांचे हाल वेगळेच होते. क्लेम मोठा झाला की काही वेळा कंपनी पुढच्या वर्षी नूतनीकरणालाच नकार द्यायची. असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ऑगस्ट २००१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की सरकारी विमा कंपनी ही शासनाचंच अंग आहे, तिला मनमानी करून नूतनीकरण नाकारता येणार नाही. आणि नूतनीकरण म्हणजे मूळ पॉलिसीचीच पुनरावृत्ती. माझ्या मते या देशातल्या आरोग्य विम्याच्या इतिहासातला हा सगळ्यांत महत्त्वाचा निकाल आहे. ‘राहण्याचा’ हक्क तिथे जन्मला. ‘जाण्याचा’ हक्क यायला आणखी दहा वर्षं लागली.

मधल्या काळात हप्त्यांचा भडका उडाला. आग आणि अभियांत्रिकीच्या विम्याचे दर वर्षानुवर्षं सरकारी दरपत्रकाने बांधलेले होते. त्या नफ्यातून कंपन्या आरोग्य विम्याचा तोटा भरून काढत. जानेवारी २००७ पासून दरपत्रक गेलं, कारखान्यांच्या विम्याचे दर कोसळले आणि आरोग्य विम्याला स्वतःच्या पायावर उभं राहणं भाग पडलं. सगळ्यांत मोठा फटका ज्येष्ठांना बसला. वीस वर्षं हप्ते भरलेला पेन्शनर अचानक दुप्पट-तिप्पट आकडा बघून सुन्न व्हायचा. सोडून जावं म्हटलं तर दुसरी कंपनी घ्यायला तयार नाही, आणि घेतलं तरी सगळे आजार बाहेर.

जून २००८ मध्ये विमा कंपन्यांच्या परिषदेने ‘आधीपासूनचा आजार’ याची एकसारखी व्याख्या ठरवली. पॉलिसी घेण्याआधीच्या ४८ महिन्यांत ज्याची लक्षणं दिसली, निदान झालं किंवा उपचार घेतले तो आजार आधीपासूनचा. आणि सलग ४८ महिने विमा चालू राहिला की तोही आत येणार. कायमचं कुंपण पडलं, त्या जागी चार वर्षांचं आलं. ही फार मोठी सुधारणा होती आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्या व्याख्येतही तेच दोन शब्द होते. ४८ महिने, पण आमच्याकडच्या पहिल्या पॉलिसीपासून. एका परीने विमेदाराची बेडी यामुळे आणखी पक्की झाली. आधी मधुमेहाला आशाच नव्हती. आता चौथ्या वर्षाकडे डोळे लागले, आणि तीन वर्षं भरून झालेला माणूस सेवा कितीही वाईट असली तरी हलेना. पुढच्याच वर्षी नियामकाने सांगितलं की आधीच्या वर्षी क्लेम केला म्हणून नूतनीकरण नाकारता येणार नाही, आणि पंधरा दिवसांपर्यंतचा उशीर माफ करता येईल. खंडाची निर्दयता पहिल्यांदा थोडी ओसरली.

असंतोष उघड्यावर आला तो मुंबईत. जुलै २०१० मध्ये चार सरकारी कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बंगळूरु इथल्या अनेक मोठ्या रुग्णालयांतली कॅशलेस सोय काढून घेतली. रुग्णालयं विमा असलेल्या रुग्णाला फुगवून बिल लावतात, असं कंपन्यांचं म्हणणं. कंपन्या परवडणार नाही असे दर मागतात, असं रुग्णालयांचं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. पण खाटेवरचा रुग्ण मधल्या मध्ये भरडला गेला. कॅशलेस म्हणून घेतलेल्या पॉलिसीवर लाखभर रुपये रातोरात उभे करायची वेळ लोकांवर आली. चिडून कंपनी बदलावी, तर वर्षं जाणार.

नेमक्या त्याच सुमारास मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आली. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात, आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. ‘पोर्ट करणं’ हे क्रियापद मराठीत आलं ते तिथून. तीन आठवड्यांनी, १० फेब्रुवारी २०११ ला, विमा नियामकाने परिपत्रक काढलं : आरोग्य विमाही पोर्ट करता येईल. तेव्हा जे. हरी नारायण आयआरडीएचे अध्यक्ष होते. जुलैची तारीख ठरली होती, ती पुढे गेली आणि १ ऑक्टोबर २०११ पासून हा हक्क प्रत्यक्षात आला.

काय पोर्ट होणार होतं? कंपनी नव्हे, पॉलिसी नव्हे, हप्त्याचा दरही नव्हे. फक्त वर्षं. जुन्या कंपनीकडे काढलेला प्रतीक्षा काळ नव्या कंपनीने मोजून घ्यायचा, जुन्या विम्याच्या रकमेपुरता आणि साठलेल्या बोनसपुरता. तीन लाखांची पॉलिसी पोर्ट करताना दहा लाखांची केली, तर वरच्या सात लाखांसाठी मोजणी पुन्हा शून्यापासून. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करायचा. नव्या कंपनीने १५ दिवसांत उत्तर दिलं नाही, तर तिचा नाकारण्याचा अधिकार संपला. ‘आमच्याकडे’ या शब्दांना पहिल्यांदा कायद्याने छेद दिला. वर्षं पुन्हा माणसाबरोबर चालू लागली. चार बहिणींच्या घरातला जुना रिवाज आता सगळ्या वाड्याचा नियम झाला.

मग लोक झुंडीने का गेले नाहीत?

एक कारण त्याच परिपत्रकात होतं. पोर्ट होऊन आलेल्या पॉलिसीवर कुठल्याही मध्यस्थाला कमिशन देऊ नये, असं त्यात लिहिलेलं होतं. हेतू चांगला होता. एजंटांनी कमिशनसाठी लोकांना दरवर्षी इकडून तिकडे नाचवू नये. पण आपल्याकडे आरोग्य विम्याचं सगळं ज्ञान एजंटाच्या तोंडून घरात येतं. ज्या कामाचे पैसे नाहीत त्याची माहिती तो कशाला देईल? परिणाम माझ्या डोळ्यांसमोरचे आहेत. कुणी सांगितलं, ‘आहे तिथेच राहा.’ कुणी नवीच पॉलिसी विकली, मावशीला विकली होती तशी, आणि वर्षं पुन्हा मातीत गेली.

दुसरं कारण यापेक्षा खोल आहे. वर्षं घेऊन जायचा हक्क मिळाला, पण नव्या घरात शिरायचा हक्क मिळाला नाही. पोर्टचा अर्ज आला की नवी कंपनी तो नव्या प्रस्तावासारखाच तपासते. वय, वजन, साखर, हृदयाचा इतिहास, आधीचे क्लेम. पसंत पडलं नाही तर नाही म्हणते, आणि तसं म्हणायची तिला मुभा आहे. तिशीतल्या धडधाकट तरुणाला सगळी दारं उघडी असतात. पण त्याला साठलेल्या वर्षांची गरज काय? वर्षांची गरज आहे ती स्टेंट बसलेल्या काकांना, आणि दार बंद होतं ते त्यांनाच.

इथे परदेशात डोकावणं उपयोगाचं आहे. विल्यम सॅम्युएल्सन आणि रिचर्ड झेकहाउझर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८८ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात हार्वर्ड विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या आरोग्य योजनांचा अभ्यास होता. नव्याने नोकरीला लागलेले लोक नव्या, फायद्याच्या योजना घेत; जुने कर्मचारी आपल्या जुन्याच योजनेत बसून राहत. माणसाला ‘आहे ते बरं’ वाटतं, हा त्यांचा निष्कर्ष पुढे गाजला. हा निबंध मी मानतो, पण तो जसाच्या तसा आपल्याकडे लावणाऱ्यांशी माझं भांडण आहे. आपल्याकडच्या मधुमेही विमेदाराचं बसून राहणं हा मनाचा कल नाही. उठलं की खुर्ची जाते, हे त्याला माहीत आहे.

नेदरलँड्सने २००६ मध्ये कायदाच असा केला की मूलभूत आरोग्य विम्यासाठी कुठल्याही कंपनीने कुणालाही नाही म्हणायचं नाही, आणि त्या विम्याचा हप्ता आजार बघून बदलायचा नाही. मग आजारी लोक एकाच कंपनीकडे गोळा झाले तर? त्यासाठी सगळ्या कंपन्यांचा एक सामाईक निधी आहे; जिच्याकडे आजारी माणसं जास्त तिला त्यातून भरपाई मिळते. पहिल्याच वर्षी तिथल्या पाचातल्या जवळपास एका माणसाने कंपनी बदलली. नंतरच्या वर्षी तो आकडा चार-पाच टक्क्यांवर आला. पण तिथे जे राहिले ते जाता येत असूनही राहिले. आपल्याकडे राहणारे आणि तिथे राहणारे, दोघांनाही एकाच शब्दाने मोजता येणार नाही.

आणखी एक गोष्ट या मागोव्यात सुटू नये. आपण कंपनी बदलत नाही, पण कंपनी आपल्याला बदलते. अपोलो डीकेव्हीची पॉलिसी घेतलेला माणूस पुढे अपोलो म्युनिकचा विमेदार झाला आणि २०२० मध्ये एचडीएफसी अर्गोचा. रेलिगेअर हेल्थची केअर झाली, मॅक्स बूपाची नीवा बूपा. त्याने कुठेच सही केलेली नसते. त्याखेरीज जुनी पॉलिसी बंद करून सगळ्यांना नव्या, महाग पॉलिसीत हलवण्याचे प्रकार होतात. तेव्हा वर्षं बरोबर येतात, हे खरं. हप्ता मात्र जुना राहत नाही.

वर्षांची बाजू पुढे पुढे भक्कम होत गेली. २०१३ च्या नियमांनी आयुष्यभर नूतनीकरणाचा हक्क दिला. २०२० मध्ये मोरॅटोरियमची अट आली : सलग आठ वर्षं विमा चालला की नंतर कंपनीला ‘तुम्ही अर्जात अमुक आजार सांगितला नव्हता’ म्हणून क्लेम नाकारता येणार नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. एप्रिल २०२४ पासून आठाची पाच वर्षं झाली आणि आधीपासूनच्या आजारांची कमाल प्रतीक्षा चारवरून तीन वर्षांवर आली. ही पाच वर्षं मोजताना पोर्ट करून आणलेली वर्षंही धरली जातात. १९८६ च्या मसुद्यातलं ते छोटं फाटक आता वेशीएवढं रुंद झालं आहे. मे २०२४ च्या परिपत्रकाने मुदतीही आवळल्या : जुन्या कंपनीने ७२ तासांत माहिती द्यायची, नव्या कंपनीने पाच दिवसांत निर्णय घ्यायचा. जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने सांगितलं की ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला.

पाच दिवसांत निर्णय घ्यायचा, हे चांगलं झालं. पण तो निर्णय ‘नाही’ असाही असू शकतो, आणि ते अजून बदललेलं नाही. हप्ता वाढवण्यावर दहा टक्क्यांची मर्यादा घालावी लागली, याचाच अर्थ असा की ज्येष्ठ विमेदार पाय काढून जाऊ शकत नाही हे नियामकालाही मान्य आहे. ग्राहक जाऊ शकत असता तर हप्त्याला आवर घालायचं काम बाजारानेच केलं असतं. ज्या देशात आजारी माणसाला नाही म्हणता येतं, तिथे पोर्टेबिलिटी ही निरोगी माणसाची सोय राहते. सामाईक निधीसारखी एखादी व्यवस्था आल्याशिवाय हे सुटणार नाही, असं माझं ठाम मत आहे. कंपन्यांना दटावून भागणार नाही, कारण आजारी माणसाला घेण्यात त्यांचा खरोखरच तोटा असतो. तो तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायला हवा.

ते होईपर्यंत वाचकांना एवढंच सांगतो. घरातल्या प्रत्येकाची पहिल्या पॉलिसीची तारीख शोधून काढा आणि तो जुना कागद, पिवळा पडला असला तरी, फेकू नका. कंपनी बदलायची असेल तर नवी पॉलिसी मागू नका, पोर्ट करायचंय असं अर्जावर स्पष्ट लिहा आणि नूतनीकरणाच्या दोन महिने आधी कामाला लागा. बीपीची साधी गोळी असली तरी ती अर्जात लिहा. नव्या कंपनीचा होकार आणि पॉलिसीचा कागद हातात पडून त्यावर जुनी तारीख छापलेली दिसेपर्यंत, जुन्या पॉलिसीचा हप्ता चुकवू नका.